नऊ जहाजे, 2,024 माणसे : आयर्लंडहून पीटरबरोला आलेल्यांची 200 वर्षे

नदीकाठची

नमस्कार. गेली काही वर्षे मी कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात, पीटरबरो शहराजवळ राहते. गावाच्या मधून ओटोनाबी नदी वाहते. 1825 साली याच नदीतून आयर्लंडच्या दक्षिण भागातील शेकडो कुटुंबे या ठिकाणी येऊन पोहोचली. 2025 मध्ये त्या घटनेला 200 वर्षे झाली आणि गावात तिचे स्मरण झाले. त्या निमित्ताने मी जे वाचले आणि शेजारच्या एका आजींकडून जे पाहिले, ते इथे मांडते आहे. या स्थलांतराविषयी मराठीत फारसे लिहिलेले माझ्या वाचनात आले नाही.

प्रथम ही माणसे निघाली का, ते सांगते. आयर्लंडचे स्थलांतर म्हटले की 1845 नंतरचा मोठा दुष्काळ आठवतो. ही हकिगत त्याच्या वीस वर्षे आधीची आहे. 1815 मध्ये नेपोलियनबरोबरची युद्धे संपली, धान्याचे भाव कोसळले, पण खंड मात्र युद्धकाळातल्या चढ्या दरानेच मागितला जात होता. जमीनदार आणि प्रत्यक्ष कसणारे कूळ यांच्यामध्ये मध्यस्थांची साखळी होती. कोकणातील खोतीच्या कथा ज्यांनी घरात ऐकल्या आहेत, त्यांना हे चित्र वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. त्यावर कॅथलिक शेतकऱ्याला ज्या प्रोटेस्टंट चर्चशी त्याचा काही संबंध नव्हता, त्या चर्चसाठी उत्पन्नाचा दशमांश द्यावा लागे. 1821 साली बटाट्याचे पीक बुडाले आणि 1822 मध्ये दक्षिणेकडील व पश्चिमेकडील भागांत उपासमार झाली. ‘कॅप्टन रॉक’ या टोपणनावाने धमकीची पत्रे जाऊ लागली, गंजी पेटू लागल्या, आणि सरकारने विशेष कायदा करून रात्री घराबाहेर सापडणाऱ्यालाही सात वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा देता येईल अशी व्यवस्था केली.

अशा वेळी लंडनच्या वसाहत खात्यातील उपमंत्री रॉबर्ट विल्मट-हॉर्टन यांनी एक योजना काढली. सरकारी खर्चाने गरीब कुटुंबांना उत्तर अमेरिकेत नेऊन जमीन द्यायची आणि पहिले पीक हाती येईपर्यंत शिधा पुरवायचा, असे तिचे स्वरूप होते. हे काम त्यांनी अप्पर कॅनडातील, म्हणजे आजच्या ओंटारियोच्या दक्षिण भागातील, पीटर रॉबिन्सन या गृहस्थांवर सोपवले. 1823 मध्ये ‘हीबी’ आणि ‘स्टेक्सबी’ या दोन जहाजांतून 568 माणसे गेली. 1825 मध्ये नऊ जहाजांतून 2,024 माणसे गेली. या दुसऱ्या खेपेसाठी सुमारे 50,000 लोकांनी अर्ज केले होते, असे नोंदले गेले आहे. म्हणजे पंचवीस जणांनी हात पुढे केला आणि एकाचा हात धरला गेला.

नऊ जहाजे मे महिन्यात कॉर्कजवळच्या कोव्ह बंदरातून सुटली. क्वेबेकला उतरल्यावर माणसे नदीमार्गाने मॉन्ट्रियल, प्रेस्कॉट आणि तेथून किंग्स्टनपर्यंत आली, आणि किंग्स्टनला अडकून पडली. स्वतः रॉबिन्सन ऑगस्टमध्ये तेथे पोहोचले, तेव्हा लोक उन्हाळ्याच्या ऐन तापात तंबूंमध्ये राहत होते आणि त्यांच्यात हिवताप व आव पसरली होती. कॅनडा म्हणजे बर्फ, एवढेच मनात असलेल्या आपल्यासारख्यांना हे वाचून धक्का बसतो. या लोकांना कॅनडाने पहिला तडाखा दिला तो उकाड्याचा आणि डासांचा.

पुढचा टप्पा मला सर्वांत विलक्षण वाटतो. किंग्स्टनहून सरोवराच्या कडेने कोबर्गपर्यंत नावेने यायचे, तेथून जंगल तोडून केलेल्या गाडीवाटेने राइस लेकपर्यंत, आणि मग ओटोनाबीतून प्रवाहाच्या उलट दिशेने वर. त्यासाठी रॉबिन्सन यांनी तीन मोठ्या नावा चाकांवर चढवून त्या वाटेने ओढत राइस लेकपर्यंत नेल्या. नदीला त्या वर्षी पाणी कमी होते, म्हणून साठ फूट लांबीची, उथळ पाण्यातही चालेल अशी सपाट बुडाची एक नाव मुद्दाम बांधून घेतली. पहिल्या फेरीसाठी या देशाची सवय असलेले वीस कुऱ्हाडवाले आणि आयरिश लोकांपैकी सर्वांत धडधाकट असे तीस जण निवडले. त्या पन्नासांपैकी एकही जण तापातून सुटला नाही आणि दोघे दगावले, असे रॉबिन्सन यांनीच लिहून ठेवले आहे. मी नदीकाठी फिरायला जाते, तेव्हा पाण्याच्या कमी-अधिक पातळीकडे आता निराळ्या नजरेने पाहते.

नदीच्या वरच्या टोकाला, जिथे खळाळ सुरू होतो आणि नाव पुढे जाऊ शकत नाही, तिथे ॲडम स्कॉट यांची एक गिरणी होती. त्यावरून त्या जागेला स्कॉट्स प्लेन्स म्हणत. तिथे ओंडक्यांच्या तात्पुरत्या झोपड्या उभ्या राहिल्या, आणि तिथून एकेक कुटुंब आपापल्या वाट्याच्या जमिनीकडे, म्हणजे डौरो, एमिली, एनिसमोर, ओटोनाबी, ॲस्फोडेल, स्मिथ, ऑप्स अशा तालुकावजा विभागांकडे जंगलात शिरले. कुटुंबाला शंभर एकर जमीन, एक गाय, कुऱ्हाड, गिरमिट, करवत, खिळे, कुदळी, किटली, तवा, बियाण्याचे बटाटे आणि मका मिळाला. मोठ्या माणसाला दिवसाला एक पौंड पीठ आणि एक पौंड खारवलेले डुकराचे मांस असा शिधा दीड वर्ष ठरला होता. पुढे स्कॉट्स प्लेन्सला पीटर रॉबिन्सन यांच्या नावावरून पीटरबरो हे नाव पडले.

आता शेजारच्या आजींविषयी. त्यांचे पूर्वज या नऊ जहाजांपैकी एकावर होते. त्यांनी मला जहाजावर चढतेवेळच्या यादीतील एका पानाची प्रत दाखवली. कुटुंबप्रमुख, त्याची पत्नी, मग मुले उतरत्या वयाने, प्रत्येकापुढे वयाचा आकडा. कुटुंब कोणत्या गावचे आणि त्याची शिफारस कोणी केली, हेही लिहिलेले. आजींनी बोट ठेवून एकेक नाव मोठ्याने वाचले. दोन वर्षांच्या मुलीच्या नावापाशी त्या थांबल्या, कारण जमीन मिळालेल्यांच्या नंतरच्या नोंदीत ती नाही. त्या म्हणाल्या, “हिचे नाव वर्षातून एकदा तरी कोणीतरी उच्चारावे.” तेव्हापासून मला वाटते आहे की अशा वर्षदिनी भाषणे थोडी कमी झाली तरी चालतील, पण यादी सबंध वाचली जावी. 2,024 नावे वाचायला दोन-तीन तास लागतील. तेवढा वेळ गावाने द्यावा.

या विषयावर आपणा सर्वांची मते आणि माहिती जाणून घ्यायला आवडेल.

बखरवाचक

ताई, लेख फार आवडला. सरकारने एवढा खर्च का केला, याविषयी थोडी भर घालतो.

विल्मट-हॉर्टन हे इंग्रज अर्थशास्त्रज्ञ माल्थसच्या लोकसंख्याविषयक विचारांच्या प्रभावातले गृहस्थ होते. आयर्लंडमध्ये माणसे जास्त आणि काम कमी, वसाहतीत जमीन जास्त आणि माणसे कमी, म्हणून इकडची माणसे तिकडे नेली की दोन्ही प्रश्न सुटतील, असा त्यांचा हिशेब होता. 1823 आणि 1825 च्या खेपा हा त्या हिशेबाचा प्रयोग होता. माणशी खर्च एकवीस-बावीस पौंड आला. 1826 आणि 1827 मध्ये संसदेच्या समितीने पुष्कळ साक्षी घेतल्या, रॉबिन्सन यांचीही साक्ष झाली, आणि मोठ्या प्रमाणावर ही योजना राबवावी अशी शिफारसही झाली. पण एवढा पैसा द्यायला सरकार तयार झाले नाही आणि योजना तिथेच थांबली. म्हणून पीटरबरोची वसाहत तशी एकाकी आहे. त्यानंतरचे आयरिश लोक बहुतेक स्वतःच्या किंवा जमीनदाराच्या पैशाने गेले.

या योजनेतली आणि तिच्या भोवतालची सत्तेवरची माणसे पुढे कुठे गेली, तेही आपल्या लोकांना ठाऊक असावे. विल्मट-हॉर्टन 1831 मध्ये सिलोनचे गव्हर्नर झाले. श्रीलंकेच्या सहलीत आपण ज्या हॉर्टन प्लेन्सवर जातो, ते त्यांच्या नावाचे आहे. अप्पर कॅनडाचे तेव्हाचे लेफ्टनंट गव्हर्नर सर पेरेग्रिन मेटलंड 1836 ते 1838 या काळात मद्रास सैन्याचे सरसेनापती होते. आणि ब्रिटिश उत्तर अमेरिकेचे गव्हर्नर लॉर्ड डलहौसी 1830 मध्ये हिंदुस्थानात सरसेनापती म्हणून आले. त्यांचे आडनाव रॅमझी. 1823 च्या आयरिश लोकांपैकी अनेकांना ज्या रॅमझी विभागात जमिनी मिळाल्या, तो त्यांच्याच नावाचा. त्यांचा मुलगा म्हणजे ज्याने 1848 मध्ये सातारा आणि 1854 मध्ये नागपूर खालसा केले तो डलहौसी. आयरिश कुळाला जमीन देणारी आणि साताऱ्याची गादी बुडवणारी राजवट एकच होती, आणि तिची माणसेही एकमेकांच्या घरातली होती. मला यात योजनेची निंदा करायची नाही. ज्या मुलांना 1826 च्या हिवाळ्यात पोटभर पीठ मिळाले, त्यांच्यासाठी ती योजना खरीच उपकारक होती. परंतु स्मरण करताना हा हिशेब कोणी आणि कशासाठी मांडला होता, हेही सांगितले जावे.

दर्यावर्दी

मी तीस वर्षे व्यापारी जहाजांवर नोकरी केली. कॉर्क बंदरात दोनदा मुक्काम झाला, तेव्हा हे कोव्ह पाहिले आहे. 1849 मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या भेटीनंतर त्याचे क्वीन्सटाउन झाले आणि 1920 मध्ये पुन्हा आयरिश लेखनपद्धतीने ‘कोव्ह’ झाले. आज गावावर उंच उभे असलेले कॅथीड्रल त्या काळी नव्हते. पण बंदराचे तोंड, समोरचे स्पाइक बेट आणि त्यावरचा किल्ला त्या लोकांनी पाहिला असणारच. डेकवरून मागे पाहिले की हिरव्या उतरणीवरची घरे बराच वेळ दिसत राहतात, कारण जहाज बेटांना वळसा घालून बाहेर पडते. लहान मुलांना कडेवर घेऊन त्या वेळी किती जणी उभ्या असतील, असे माझ्या मनात येते.

नऊ जहाजांपैकी ‘जॉन बॅरी’ हे जहाज यापूर्वी कैद्यांना न्यू साउथ वेल्सला घेऊन गेले होते. माझ्या दृष्टीने ही लहान गोष्ट नाही. कॅप्टन रॉकच्या नावाखाली पकडलेला माणूस आणि अर्ज मंजूर झालेला माणूस हे एकाच गावचे, कदाचित एकाच घरचे असू शकत होते, आणि दोघांना एकच बंदर होते.

1823 च्या प्रवासाविषयी रॉबिन्सन यांनी लिहिलेला एक तपशील मी पूर्वी वाचला होता, तो सांगतो. जहाजावरचा शिधा त्या काळच्या मानाने चांगला होता, पण लोकांना तो खाता येईना. कोको त्यांनी कित्येक दिवस तोंडालाही लावला नाही. जहाजाचे अधिकारी रोज सकाळी तोच पितात हे पाहिल्यावर मग घेतला. चीज बहुतेक समुद्रात फेकले जाई. रविवारच्या जेवणातले मनुका घातलेले पुडिंग पुरुष, बाई किंवा मूल, कोणीही खाल्ले नाही. आजारी मुलांना आरारूटची पेज दिली तर ती नको म्हणत आणि सारखा बटाटा मागत. ज्यांनी घर सोडून पहिल्यांदा बोटीवर पाय ठेवला आहे, त्यांना हे कळेल. माझ्या पहिल्या फेरीत ताप आला होता, तेव्हा मला मेतकूट-भाताखेरीज काही सुचत नव्हते.

शरयूतीर

लेख आणि प्रतिसाद दोन्ही मन लावून वाचले. एक प्रश्न मनात आला, तो नम्रपणे विचारते. शंभर-शंभर एकर जमीन सरकारने दिली, असे सर्वत्र लिहिलेले असते. ती जमीन सरकारकडे कोठून आली? तिथे आधी कोणी राहत नव्हते का? नदीचे नाव ओटोनाबी आहे, ते काही इंग्रजी किंवा आयरिश नाव वाटत नाही.

नदीकाठची

शरयूताई, हा प्रश्न तुम्ही विचारलात म्हणून आभार. हे मी मूळ लेखातच लिहायला हवे होते.

ही भूमी मिसिसागा लोकांची, म्हणजे अनिशिनाबे या मूळनिवासी समाजाच्या एका शाखेची. आज जिथे पीटरबरो आहे, त्या जागेला त्यांचे नाव नोगोजिवानोंग आहे. त्याचा अर्थ ‘खळाळाच्या पायथ्याची जागा’. म्हणजे जिथे आयरिश लोकांची नाव थांबली, तिथेच या लोकांच्या होड्याही पिढ्यान्‌पिढ्या थांबत आल्या होत्या. राइस लेकला राइस म्हणतात, ते त्या सरोवरात उगवणाऱ्या मनोमिन या रानभातामुळे. होडीतून जाऊन, लोंबी वाकवून, काठीने हलके झोडपून ते दाणे होडीतच पाडतात. काही सांडतात, आणि तेच पुढच्या वर्षाचे बी होते. मी एकदा ते पाहिले आहे. काठीचा आवाज पावसाच्या पहिल्या थेंबांसारखा येतो.

5 नोव्हेंबर 1818 रोजी, म्हणजे नऊ जहाजांच्या केवळ सात वर्षे आधी, ब्रिटिश सरकारने या लोकांबरोबर एक करार केला. त्याला आज करार क्रमांक 20 म्हणतात. त्यानुसार सुमारे 19,51,000 एकर प्रदेश सरकारकडे गेला आणि मोबदला ठरला वर्षाला 740 पौंडांचा, तोही मालाच्या रूपात. करारावर सहा प्रमुखांची नावे आहेत. प्रत्येकाच्या कुळाला आपल्याकडील देवकासारखे एक चिन्ह होते: गरुड, हरिण, क्रौंच, पाईक मासा, सर्प आणि पांढरा ओक. गरुड कुळाचे प्रमुख बकक्वाक्वेट यांनी त्या बैठकीत बेटे आपल्याकडे राहावीत अशी विनंती केली होती. तेथील करारांच्या अन्यायाचा प्रश्न पुढे 1923 च्या विल्यम्स करारांनी आणखी चिघळला आणि 2018 मध्ये नुकसानभरपाई ठरून कॅनडा आणि ओंटारियो सरकारांनी त्या समाजांची माफी मागितली. कर्व्ह लेक, हायवाथा आणि ॲल्डरव्हिल या वस्त्या आजही इथे जवळच आहेत.

आयरिश कुळाला हे सारे ठाऊक असण्याचा संभव नव्हता. ज्याला स्वतःच्या देशात जमिनीवरून हुसकले गेले, त्याला दुसऱ्याने नुकत्याच गमावलेल्या जमिनीवर बसवले गेले, आणि दोन्ही कागदांवर शिक्का एकाच राज्याचा. म्हणून यादी वाचायचीच, तर माझ्या मते आधी ती सहा नावे वाचावीत आणि मग जहाजांची.

पायवाट

ताईंच्या यादीच्या कल्पनेला माझा पाठिंबा आहे, आणि त्याचे एक उदाहरण देते. काही वर्षांपूर्वी मी मॉरिशसला गेले होते. आपल्या रत्नागिरी भागातून करारबद्ध मजूर म्हणून गेलेल्यांचे वंशज तिथे आहेत आणि मराठी मंडळी गणेशोत्सव मोठ्या प्रेमाने करतात. 1834 मध्ये ‘ॲटलस’ जहाजाने 36 मजूर तिथे उतरले, त्याची आठवण म्हणून 2 नोव्हेंबरला सार्वजनिक सुट्टी असते आणि पोर्ट लुईच्या अप्रवासी घाटावर लोक जमतात. समुद्रातून वर येणाऱ्या सोळा दगडी पायऱ्या तिथे जपल्या आहेत. मोकामधील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये मजुरांच्या नोंदवह्या आहेत. नाव, बापाचे नाव, वय, जात, गाव, आणि नंतरच्या काळातल्या नोंदींना छायाचित्रेही. माझ्यासमोर एक मध्यमवयीन गृहस्थ आपल्या पणजोबांच्या नोंदीची प्रत घेऊन बाहेर आले आणि व्हरांड्यात बराच वेळ उभे राहिले.

दोन स्थलांतरांमधला फरक मोठा आहे, हे मी जाणते. आयरिश कुटुंबाला शंभर एकर मिळाली. आपल्या मजुराला पाच वर्षांचा करार आणि दुसऱ्याचा ऊस मिळाला. परंतु सरकारने हिशेबासाठी केलेली यादी पुढच्या पिढ्यांना पूर्वजांपर्यंत नेणारी एकमेव वाट ठरते, हे दोन्हीकडे सारखेच आहे.

रानफूल

माझे मत थोडे वेगळे आहे. राग मानू नये. वर्षदिनाच्या दिवशी वंशजांनी आनंद केला, संगीत वाजवले, जहाजांची चित्रे लावली, तर त्यात गैर काही नाही. दोनशे वर्षे टिकून राहिलेल्या कुटुंबांना तो हक्क आहे. सगळ्या दुःखांची नोंद त्याच दिवशी झाली पाहिजे, असा आग्रह धरला तर लोक येणारच नाहीत. तुम्ही म्हणता तशी तीन तासांची यादी ऐकायला लहान मुले बसतील का?

दुसरे असे की, पूर्वजांना केवळ बिचारे ठरवणेही बरोबर नाही. 1823 च्या खेपेतील लोकांचे आणि आधीपासून राहणाऱ्या स्कॉटिश व प्रोटेस्टंट रहिवाशांचे एप्रिल 1824 मध्ये मोठे भांडण झाले. लष्करी कवायतीच्या दिवशी सुरू झालेली मारामारी वाढत गेली आणि तीत एक आयरिश माणूस ठार झाला. कॉर्कमधील एका गावाच्या नावावरून तिला बॅलीगिब्लिनची दंगल म्हणतात. ज्यांना आपण आज आदराने आठवतो, त्यांना शेजाऱ्यांनी तेव्हा भांडखोर, आळशी आणि सरकारी शिध्यावर जगणारे म्हटले होते. माझ्या आईवडिलांनी मुंबईत आल्यावर जे ऐकले, त्याची मला आठवण झाली. म्हणून मला वाटते की ती माणसे जशी होती, तशी सांगावीत: रागीट, हट्टी, देवभोळी आणि कामाला वाघ.

बखरवाचक

रानफूल, तुमच्या दुसऱ्या मुद्द्याशी मी पूर्ण सहमत आहे. त्या लोकांनी तोंड उघडून मागणीही केली होती, हे याच संदर्भात सांगण्यासारखे आहे. 1826 च्या आरंभी मेटलंड या वसाहतीत आले, तेव्हा आयरिश लोकांनी त्यांना मानपत्र दिले. त्यात राजाचे आणि सरकारचे आभार मानल्यावर त्यांनी लिहिले की आमची एक मोठी तक्रार आहे आणि ती दूर झाली तर आम्ही पूर्ण सुखी होऊ: आमच्याकडे धर्मोपदेशक नाहीत आणि मुलांना शिकवायला चांगले शिक्षक नाहीत. अंगात ताप, डोक्यावर सालींचे छप्पर, भोवती बर्फ, आणि मागणी शाळेची. पुढे 1830 च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी टेकडीवर चुनखडीच्या दगडाचे सेंट पीटर-इन-चेन्स हे चर्च बांधले, ते आजही उभे आहे.

एक गोष्ट मात्र कोणत्याही यादीत दिसत नाही. कॉर्क, लिमरिक, टिपरेरी या भागांतील पुष्कळांची घरातली भाषा आयरिश होती. नावे लिहिणाऱ्या कारकुनाने ती इंग्रजी वळणाने लिहिली. जहाजावर चढताना त्या माणसाने स्वतःचे नाव ज्या उच्चाराने सांगितले असेल, तो कागदावर उतरला नाही.

नदीकाठची

सर्वांचे मनापासून आभार. रानफूल, राग कसला? मुलांविषयीचा तुमचा मुद्दा मी आजींना सांगितला. त्या म्हणाल्या की मुलांना सबंध वेळ बसवू नये. प्रत्येक मुलाने आपल्याच वयाच्या मुलाचे एक नाव यादीतून शोधून वाचावे आणि खेळायला जावे. मला हे फार पटले. नऊ वर्षांच्या मुलीने नऊ वर्षांच्या मुलीचे नाव वाचावे. संगीतही असावे, त्याला माझी हरकत कधीच नव्हती.

बखरवाचक, उच्चाराविषयी तुम्ही जे लिहिलेत, तेही मी त्यांना सांगितले. त्यांच्या घरात आयरिश भाषेचा एकच शब्द उरला आहे, लहान मुलाला जवळ घेताना म्हणायचा. तो कसा लिहितात, हे त्यांना माहीत नाही. त्यांनी मला तो म्हणून दाखवला.

दर्यावर्दीकाका, तुमच्या प्रतिसादातली ती बटाटा मागणारी आजारी मुले माझ्या मनातून जात नाहीत. ती 1823 च्या जहाजांवरची होती, पण 1825 ची मुलेही त्याच परगण्यांतली आणि त्याच अन्नावर वाढलेली. म्हणून नोव्हेंबर 1826 च्या सरकारी तक्त्यात त्यांनी पहिल्या वर्षात काय पिकवले, ते मुद्दाम पुन्हा पाहिले. जंगल तोडून सुमारे 1,386 एकर जमीन मोकळी केली होती. उन्हाळ्यात सलगम आणि मका काढून शरदात गहू पेरला होता. वसंतात मेपलच्या झाडांना खाचा पाडून, रस आटवून 22,000 पौंडांहून अधिक साखर केली होती. हे कसब त्यांच्या देशात नव्हते, या भूमीतल्या लोकांचे होते. आणि बटाटे होते 67,000 बुशेलांहून अधिक (एक बुशेल बटाटे म्हणजे सुमारे 27 किलो). तेव्हा वसाहतीत सुमारे 1,900 माणसे उरली होती. मी हिशेब केला, तर तो माणशी नऊशे किलोंच्या वर जातो. झाडांचे बुंधे अजून जमिनीतच होते, नांगर चालवणे शक्य नव्हते, म्हणून बुंध्यांच्या मधल्या जागेत कुदळीने माती ओढून त्यांनी लहान लहान ढिगाऱ्यांवर बटाटे लावले होते.